दोन टक्के वाचले, पण गल्ल्याची चावी कुणाकडे?

बार्शीत आमचं कापडाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. आता दादा बघतो आणि मी पुण्यात नोकरी करत लांबून सल्ले देतो, जे तो ऐकत नाही. मागच्या लग्नसराईत गेलो होतो तर काउंटरवर तीन क्यूआर, तीन साउंडबॉक्स, तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि जुनं स्वाइप मशीन खाली ड्रॉवरमध्ये दोऱ्याच्या रिळांबरोबर पडलेलं. म्हटलं तीन कशाला रे, तर म्हणाला एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून, दुसऱ्यावर लोन चालू आहे म्हणून तो काढता येत नाही, आणि तिसरा एक पोरगा येऊन चिकटवून गेला, टार्गेट होतं बिचाऱ्याचं.

मी हसलो, पण ते मधलं वाक्य डोक्यातून गेलं नाही. लोन चालू आहे म्हणून काढता येत नाही. आपल्याकडे पेमेंटवरची सगळी चर्चा 'यूपीआय फुकट राहणार की पैसे लागणार' एवढ्यावर येऊन अडकते, व्हॉट्सॲपवर दर दोन महिन्यांनी एक फॉरवर्ड येतो, लोक घाबरतात, सरकार खुलासा करतं, विषय संपतो. माझं म्हणणं असं की दुकानदाराला फुकट मिळण्यापेक्षा सोडून जाता येणं जास्त महत्त्वाचं आहे. सोडून जाता येत असेल तर दर आपोआप ताळ्यावर राहतो, आणि येत नसेल तर आजचं फुकट उद्या कुठल्या तरी दुसऱ्या नावाने वसूल होतं.

हे कार्डांच्या बाबतीत आम्ही भोगून झालंय. मशीन आलं ते नोटबंदीनंतर, २०१७ च्या सुरुवातीला, तेव्हा सगळ्यांचीच धावपळ होती. तेव्हा गल्ल्यावर आप्पा बसायचे. कार्डावर पहिला मोठा बस्ता झाला तो पुढच्या वर्षी, ८० हजारांचा, दोन तास घासाघीस होऊन आप्पांनी शेवटचे हजार रुपये सोडले तेव्हा कुठे नवरीच्या मामाने ऐटीत क्रेडिट कार्ड काढलं. दोन दिवसांनी खात्यात पैसे आले ते १,८८८ रुपये कमी. आप्पांनी बँकेत फोन लावून विचारलं, माझे पैसे कुणी काढले? १,६०० रुपये म्हणजे दोन टक्के कमिशन आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. जीएसटीचं क्रेडिट नंतर मिळतं म्हणा, पण कमिशन गेलं ते गेलंच. कापडाच्या धंद्यात पगार, लाइटबिल, व्याज, पडून राहिलेला माल सगळं वजा जाऊन शंभरामागे सात-आठ रुपये उरतात, त्यातले दोन म्हणजे नफ्यातला पाव हिस्सा. आप्पा म्हणाले, पैसे घ्यायचेपण पैसे द्यायचे का आता? त्यानंतर त्यांनी कार्डवाल्याला 'दोन टक्के वर लागतील' सांगायला सुरुवात केली, जे नियमात बसत नाही, पण मला सांगा कुठल्या गावातला सराफ आणि टीव्ही-फ्रिजवाला ते सांगत नाही.

बरं, हे दोन टक्के जातात कुठे? मोठा वाटा जातो ग्राहकाला कार्ड देणाऱ्या बँकेला, त्याला इंटरचेंज म्हणतात. थोडा व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्कला आणि उरलेला आपल्याला मशीन देणाऱ्या बँकेला. आता यातली खोच बघा, इंटरचेंज किती हे ठरवतं नेटवर्क, आणि मिळतं ते बँकेला. मग दोन नेटवर्कमध्ये चुरस लागली तर बँक कुणाचं कार्ड वाटणार? जो जास्त मिळवून देईल त्याचं. मंडईत दोन गाळे शेजारी लागले की भाव पडतो, इथे दोन नेटवर्क शेजारी लागले की भाव चढतो, कारण पैसे भरणारा दुकानदार त्या सौद्यात बसलेलाच नाही. आणि त्याला उठून जाताही येत नाही, कार्ड ग्राहकाच्या खिशात आहे, नाही म्हटलं तर ग्राहक शेजारच्या दुकानात जातो. त्याच पैशातून मग कार्डवाल्याला पॉइंट, कॅशबॅक, विमानतळावर लाउंज. दुकानदार तरी काय करणार, तो हे सगळ्या मालाच्या भावात थोडं थोडं मिसळून टाकतो, म्हणजे रोख पैसे मोजून लुगडं नेणारी मावशी नवरीच्या मामाच्या लाउंजमधल्या इडलीचे पैसे भरते.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत एडिसनला किराणा दुकान चालवतो, आपला पोहे-मेतकूट-लोणच्यावाला. त्याच्या काउंटरवर पाटी आहे, १० डॉलरच्या खाली क्रेडिट कार्ड चालणार नाही. ही पाटी लावायची मुभासुद्धा त्याला २०१० च्या कायद्याने मिळाली. तो म्हणतो भाडं आणि पगार सोडले तर सगळ्यात मोठा खर्च कार्डांचा. तिथले व्यापारी २००५ पासून व्हिसा-मास्टरकार्डविरुद्ध कोर्टात आहेत, २०२४ मध्ये एक तडजोड ठरली तर न्यायाधीशांनी ती फेटाळून लावली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानेच व्हिसावर मक्तेदारीचा खटला भरला. आरोप असा की तिथले ६० टक्क्यांहून जास्त डेबिट व्यवहार व्हिसाच्या नेटवर्कवरून जातात, त्यातून वर्षाला ७०० कोटी डॉलरच्या वर फी गोळा होते, आणि कुणी दुसरीकडे व्यवहार वळवायला लागलं की करारांमधून त्याला दंड बसेल अशी व्यवस्था आहे. आरोप सिद्ध होतील तेव्हा होतील, पण व्हिसाचा स्वतःचाच ताळेबंद बघा ना, २०२४ च्या आर्थिक वर्षात उत्पन्न साधारण ३,५९० कोटी डॉलर आणि निव्वळ नफा १,९७० कोटी. शंभरातले पंचावन्न नफा! आप्पांना हा आकडा सांगितला तर ते म्हणाले, मग त्यांनी कापड विकायची काय गरज आहे.

युरोपने २०१५ मध्ये कायदाच केला, इंटरचेंज डेबिटला ०.२ टक्के आणि क्रेडिटला ०.३ टक्के, याच्या वर नाही. तिथेही व्हिसा आरामात जगतेय. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून डेबिट कार्डाच्या दराची वरची मर्यादा नव्याने ठरवली, छोट्या दुकानदाराला ०.४ टक्के आणि बाकीच्यांना ०.९, पण क्रेडिट कार्ड मोकळंच राहिलं.

मग यूपीआय आलं. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते सुरू झालं आणि खरं सांगायचं तर तेव्हा आमच्याकडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते १ जानेवारी २०२० नंतर, सरकारने यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचं कमिशन, म्हणजे एमडीआर, कायद्याने शून्य केलं तेव्हा. मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी एक गोष्ट केली जिचं कौतुक फार कुणी करत नाही, आणि माझ्या मते ती शून्य दराहून मोठी आहे. आदेश असा की नवीन क्यूआर काढताना तो फक्त आपल्याच ॲपपुरता ठेवायचा नाही, आणि जुने सगळे मार्च २०२२ पर्यंत सगळ्यांसाठी खुले करायचे. म्हणजे स्टिकर एका कंपनीचं आणि पैसे दुसऱ्या कंपनीच्या ॲपवरून, चालतं. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण दुकानदाराला हे मोठं स्वातंत्र्य आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींच्या वर व्यवहार झाले यूपीआयवर, त्यामागे फुकटपणा आहेच पण ही मोकळीकही आहे.

इथपर्यंत सगळं छान आहे आणि इथेच बहुतेक लोक थांबतात, भारत कसा जगाच्या पुढे वगैरे. आहेच पुढे. पण फुकट असलं तरी सर्व्हर, बँकांची यंत्रणा, फसवणुकीवर लक्ष ठेवणारी माणसं, गल्लोगल्ली फिरून स्टिकर चिकटवणारी पोरं, याचा खर्च आहेच. सरकार छोट्या व्यवहारांसाठी थोडी भरपाई देतं, २०२३-२४ ची ३,६०० कोटींच्या पुढे गेली, पुढच्या वर्षी योजना आली ती १,५०० कोटींचीच, तीही छोट्या दुकानदाराकडच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारापुरती. मग फुकटात धंदा कोण करू शकतं? ज्याच्या घरात आधीच पैसा पडलाय आणि ज्याला तो दुसऱ्या वाटेने काढता येतो. म्हणून आज फोनपे आणि गुगल पे या दोघांकडे मिळून यूपीआयचे ८० टक्क्यांच्या आसपास व्यवहार आहेत, एक वॉलमार्टच्या मालकीचं, दुसरं गुगलचं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये नियम काढला की कुठल्याही एका ॲपकडे ३० टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत. त्याची मुदत आधी डिसेंबर २०२२, मग डिसेंबर २०२४, मग डिसेंबर २०२६. आमच्या नगरपालिकेच्या पाणी योजनेच्या उद्घाटनाची आठवण होते.

रस्ता आपला, सार्वजनिक, त्यावर टोल नाही, पण रस्त्यावरच्या सगळ्या एसट्या दोनच मालकांच्या, असं काहीसं झालंय. आणि तिकीट फुकट असलं तरी मालक कमावतोच कुठेतरी. दुकानदाराकडून कमावायच्या वाटा दोन, साउंडबॉक्सचं भाडं आणि लोन. भाडं महिन्याला शंभर-सव्वाशे, ते ठीक आहे, खोटा स्क्रीनशॉट दाखवून पळणारी पोरं त्या आवाजामुळे कमी झाली हे दादाही मान्य करतो. खरी गोम लोनमध्ये आहे.

दादाने तीन लाख घेतले, दिवाळीचा माल भरायला. बँकेत हेच मागायला गेला असता तर तीन वर्षांचे रिटर्न, जामीनदार, साहेब रजेवर, या उद्या. इथे ॲपवर चार बटणं दाबली आणि दोन दिवसांत पैसे खात्यात. हे वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, ज्याला बँकेने कधी दारात उभं केलं नाही त्याला क्यूआरवरच्या जमेच्या जोरावर भांडवल मिळतंय ही मोठी गोष्ट आहे. पण फेड कशी, तर रोज क्यूआरवर जमा होणाऱ्या पैशातून अकराशे रुपये आधी कापून उरलेले दादाच्या खात्यात. आमच्या लहानपणी संध्याकाळी पतसंस्थेचा पिग्मीवाला यायचा, सायकलला पिशवी अडकवून, आणि ज्या दिवशी धंदा झाला नाही त्या दिवशी आप्पा म्हणायचे आज नाही रे, उद्या ये. तो चहा पिऊन जायचा आणि उद्या यायचा. साउंडबॉक्सला उद्या ये म्हणता येत नाही. आणि वसुली त्या एकाच क्यूआरवर बांधलेली असल्यामुळे तो क्यूआर हलवता येत नाही, दुसऱ्या कंपनीने भाडं माफ केलं तरी नाही, ॲपची सेवा बिघडली तरी नाही. दोन टक्के वाचले हे खरंय, पण आप्पांच्या कमरेला असायची ती गल्ल्याची चावी आता अर्धी दुसऱ्याच्या हातात आहे.

आता तर टक्केही मागच्या दाराने परत येतायत. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, ग्राहक तोच क्यूआर स्कॅन करतो, दुकानदाराला वाटतं नेहमीचंच पेमेंट. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत काही लागत नाही, त्याच्या वर गेलं की कार्डासारखंच कमिशन. बस्ता २,००० चा नसतो.

चावीचा तिसरा भाग सरकारकडे आहे, तेही बोलायला हवं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेचे आकडे बघून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. चहावाले, बेकरीवाले, हावेरीत एका भाजीवाल्याला तर २९ लाखांची, ज्या ताज्या भाजीवर जीएसटीच नाही! बेंगळुरूत दुकानांवर कागद लागले, यूपीआय नाही, फक्त कॅश. शेवटी मुख्यमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. ज्याचा कर लागतो त्याने तो भरावा, दादा भरतो, चिडत का होईना. पण खात्यात आलेला प्रत्येक रुपया म्हणजे विक्री नसते, त्यात मेव्हण्याने परत केलेले उसने असतात, भिशीचे असतात. दुसरा प्रकार त्याहून वाईट, आमच्याच गल्लीतल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे कुठल्यातरी सायबर फसवणुकीतले पैसे गिऱ्हाइकाच्या पेमेंटमधून आले, त्याला काय माहीत, पण दुसऱ्या राज्याच्या पोलिसांनी खातं गोठवलं आणि तो महिनाभर उधारीवर दुकान चालवत बसला. अशा वेळी माणसाला सोडून जायला एकच जागा उरते, रोख. म्हणजे इतकं सगळं उभं करून पर्याय काय तर पुन्हा २०१५.

मग काय करावं? पहिली गोष्ट मी सांगितली तेव्हा दादा माझ्याशी दोन दिवस नीट बोलला नाही. मोठ्या दुकानदारांकडून थोडे पैसे घ्या. पेमेंट कंपन्यांच्या संघटनेने मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून मोठ्या व्यापाऱ्यांवर ०.३ टक्के मागितले, जूनमध्ये अर्थ मंत्रालयाने असं काही होणार नाही म्हणून सांगितलं, जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा म्हणाले की खर्च कुणाला तरी सोसावाच लागेल. मला गव्हर्नरांचं पटतं. जीएसटीची नोंदणी लागत नाही अशा, म्हणजे माल विकणाऱ्या ४० लाखांच्या आतल्या दुकानाला शून्य, कायमचं, कायद्यात लिहून. त्याच्या वरच्यांना टक्क्याचा पाचवा हिस्सा, आणि एका बिलावर २५-३० रुपयांच्या वर कधीच नाही. दादा यात येतो. ८० हजारांच्या बस्त्याला त्याला कार्डावरच्या १,६०० ऐवजी ३० रुपये पडतील आणि मॉलवालाही तेवढेच देईल. त्या पैशात छोट्या कंपन्या, सहकारी बँका, भीमसारखं एनपीसीआयचं ॲप, जे आज अगदी किरकोळ उरलंय, यांना टिकायला जागा होईल. फुकटाच्या शर्यतीत ते कधीच टिकणार नाहीत.

दादाचा आक्षेप होता की एकदा घ्यायला लागले की वाढवत नेतील, आज तीस उद्या तीनशे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, टोलनाक्यांचा अनुभव आपल्याला आहे. पण दर ठरवणारा कोण यावर सगळं आहे. कार्डात तो ठरवतो ज्याला त्यातून फायदा. इथे दर संसदेच्या कायद्यात आहे, शून्य कायद्याने झालं तसं ०.२ ही कायद्याने होऊ शकतं आणि वाढवायचं तर चारचौघांत वाढवावं लागेल. ब्राझीलचं पिक्स बघा, नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या मध्यवर्ती बँकेनेच सुरू केलं, साध्या माणसाला फुकट, व्यापाऱ्याकडून बँक थोडे पैसे घेऊ शकते, आणि मोठ्या बँकांना त्यात यावंच लागलं. ते इतकं चाललं की जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने ब्राझीलविरुद्ध व्यापाराची चौकशी लावली त्यात पेमेंट सेवांचाही मुद्दा घातला. कुणाच्या पोटात दुखलं असेल ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची आहे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी २०११ मध्ये आली, त्याआधी आठवा, नंबर सगळ्या पाहुण्यांकडे गेलाय म्हणून लोक रेंज नसलेलं सिम वर्षानुवर्षं बाळगून होते. दुकानाच्या क्यूआरचंही तसंच व्हावं, क्यूआर दुकानाचा, मागची कंपनी बदलता यावी. साउंडबॉक्स कुठल्याही कंपनीचा असो, त्याने खात्यात आलेला प्रत्येक रुपया बोलून दाखवावा. आज एका कंपनीचा डबा दुसऱ्या क्यूआरवर आलेल्या पैशाला तोंड उघडत नाही म्हणून तर तीन डबे. आणि लोन द्या, जरूर द्या, पण हप्ता बँक खात्यातून घ्या, बाकीच्या जगासारखा. गल्ल्याच्या तोंडाशी बसून नको.

आणि हो, सगळ्याच्या खाली एनपीसीआय एकच आहे. १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, यूपीआय गडबडलं तेव्हा तीन क्यूआर असूनही दादाकडे एकही चालला नाही. वहिनीने त्या दिवशी जुनी उधारीची वही काढली आणि ओळखीच्यांना माल देऊन टाकला, बहुतेकांनी रात्रीपर्यंत पैसे पाठवले. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये एनपीसीआयला जोडीदार संस्था उभी करायचा आराखडा काढला होता, तो बारगळला. तो परत बाहेर काढायला हवा, पण त्यासाठी कुणी आंदोलन करेल असं मला वाटत नाही.

तालुक्याच्या कापड व्यापारी संघटनेत दादा आहे. त्यांचं निवेदन दरवर्षी तेच असतं, जीएसटी कमी करा, पार्किंग द्या, यूपीआयवर कमिशन नको. यंदा त्याला म्हटलं त्यात क्यूआर बदलून मिळण्याचा आणि साउंडबॉक्सचा मुद्दा घाल. म्हणाला, मला असलं लिहिता येत नाही, तू लिहून दे, मी सह्या गोळा करतो. अर्धं पान लिहून पाठवलंय. मोठ्या दुकानांनी तीस रुपये द्यावेत ही ओळही त्यात होती, ती त्याने खोडली.